बटनखात्याचे दिवाणजी

दिवाणजींना विजेचा नाद लागला तो निवृत्तीनंतर. त्याआधीची सगळी उमर त्यांनी खामगावातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब लिहिण्यात घालवली. शेतकऱ्याची गाडी आली की वजन, कडता, हमाली मांडायची, रुई किती निघाली, सरकी किती, गठाणी किती बांधल्या याचा मेळ घालायचा, आणि चार आण्यांचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत डबा उघडायचा नाही. खामगाव गावच कापसाचं. इथला कापूस न्यायला 1870 साली इंग्रजांनी जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा टाकला आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. दिवाणजी ही हकिकत अशी सांगतात, की जणू साहेबाला स्टेशनावर उतरवून घ्यायला तेच गेले होते आणि त्या दिवशीच्या चहापाण्याच्या खर्चाची चिठ्ठी अजून त्यांच्या कोटाच्या खिशात आहे.

मग वह्या मिटल्या. दिवाणजी घरी बसले. घरात पाहावं तर सगळी खाती आधीच वाटली गेलेली. मुलाकडं स्टेशनरीचं दुकान, काकूंकडं स्वयंपाकघर आणि भाजीबाजार, सूनबाईंकडं शाळेतलं विज्ञान, नातवाचा अभ्यास आणि मोबाइलवरचे सगळे व्यवहार. निवृत्त माणसाच्या हाती अशा घरात एकच खातं उरतं, ते बटनांचं. दिवाणजींनी त्या खात्याचा चार्ज घेतला आणि तेव्हापासून त्या घरात कुठलाही दिवा त्यांना विचारल्याशिवाय लागत नाही. बंद मात्र आपोआप होतो.

खोलीत शिरताना त्यांची नजर आधी छताकडं जाते, मग भिंतीवरच्या बोर्डाकडं, आणि सगळ्यात शेवटी खोलीत बसलेल्या माणसांकडं. माणसं नसली तर उत्तम. असली तर ती मोजायची, त्यांना पंख्यानं भागायचं आणि भागाकार पटला नाही तर त्यांना दुसऱ्या खोलीत हलवायचं. "तुम्ही दोघं अन् पंखा एक? तिकडं चौघं बसून राह्यले, तिकडंच जा ना बाप्पा." पाहुणा आला की ते मोठ्या अगत्यानं उठतात, बटनाशी हात नेतात आणि विचारतात, "पंखा लावू का? की दारातून बरा वारा येऊन राह्यला?" आता या प्रश्नाला भल्या माणसानं काय उत्तर द्यावं! मी स्वतः एप्रिलच्या भर दुपारी, घामानं बनियन अंगाला चिकटलेलं असताना, "छान वारा आहे" असं म्हटलेलं आहे.

असा माणूस फक्त आमच्याच गल्लीत असतो असा दावा मी करणार नाही. मलकापूर, नांदुरा, मेहकर, चिखली, कुठंही जा, होळी पेटली की एखाद्या घरातून "कोणं लावून ठेवला रे हा?" असा आवाज येतोच. पण आमच्या दिवाणजींच्या कारभाराला जिनिंगच्या खतावणीची शिस्त आहे. त्यांची एक लाल बासनातली वही आहे. पहिल्या पानावर 'श्री' आणि 'शुभ-लाभ'. आत तारीखवार मीटरचं रीडिंग, सकाळचं आणि संध्याकाळचं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: 'मुलगा रात्री 2 पर्यंत मॅच', 'विहीणबाई मुक्कामी, पंखा अखंड', 'नातू. न्हाणीघराचा दिवा. तिसऱ्यांदा.'

बिल आलं की ते वाचत नाहीत, तपासतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वरून 16 टक्के वीज शुल्क. "पाहा," बिलावर बोट आपटत ते म्हणतात, "माल घेतला किती अन् कडता लावला किती! आमच्या मार्केटात कोणी इतका कडता लावला असता त शेतकऱ्यानं काटाच खांद्यावर मारून नेला असता." 2005 साली वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या आणि आपल्याला बिल पाठवते ती त्यातली महावितरण, हे त्यांना ठाऊक आहे. पण भांडताना ते मंडळाशीच भांडतात. कंपनीशी भांडलं की माणूस गिऱ्हाईक होतो, मंडळाशी भांडलं की नागरिक होतो, असा काहीसा त्यांचा समज असावा. छापील बिल नको म्हटलं तर दर बिलामागं 10 रुपयांची सूट मिळते, हे कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी छापील बिल बंद करवलं. आता बिल मुलाच्या मोबाइलवर येतं, मुलगा त्याची प्रिंट काढून आणतो, प्रिंटचे 5 रुपये लागतात. निव्वळ नफा 5. तोही वहीत आहे.

त्यांच्या धर्मशास्त्रात सगळ्यात मोठं पाप म्हणजे 101 वं युनिट. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आणि त्यापुढच्या युनिटाचा वीज आकार दुपटीहून जास्त, हे खरंच आहे. पण दिवाणजींच्या मते 101 वं युनिट पडलं की मागची 100 युनिटंही बाटतात आणि सगळ्यांना चढा दर लागतो. त्यामुळं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आकडा 92-93 वर आला की घरात सुतक पडल्यासारखं वातावरण. मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. नातवाचा अभ्यास उजेड असेतो. सूनबाईंनी एकदा कागद घेऊन समजावून सांगितलं, "मामाजी, महाग होतं ते फक्त 101 वं युनिट. आधीची 100 आहेत त्याच दरानं राहतात. त्या एका युनिटाला पाच-सहा रुपये जास्त लागतील, एवढंच." दिवाणजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हिशेब स्वतः करून पाहिला, तो बरोबर आला, आणि मग म्हणाले, "कागदावर बरोबर हाय. पण मंडळाच्या मनात काय हाय ते कोणाले माहीत?"

इथं माझं एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. दिवाणजींना विजेचा खरा खर्च कुठं होतो याच्याशी फारसं देणंघेणं नाही. त्यांना दिसणारी वीज वाचवायची असते. चार्जर भिंतीत नुसता लटकलेला दिसला की त्यांच्या पोटात कालवतं. सूनबाईंच्या हिशेबानं तसा रिकामा चार्जर वर्षभर राहिला तरी दोन युनिटंसुद्धा खात नाही. पण तो दिसतो! उलट टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स, टीव्ही बंद असतानाही, महिन्याला सहजी सात युनिटं पचवतो. तो दिवाणजी बंद करू देत नाहीत, कारण एकदा बंद केला की चालू व्हायला वेळ घेतो आणि तेवढ्यात सकाळच्या बातम्यांतले बाजारभाव निघून जातात. जिन्याखालची पाण्याची मोटर टाकी वाहीपर्यंत चालते, तीही त्यांना ऐकू येत नाही. माळ्यावरचा शून्याचा बल्ब मात्र तीन खोल्यांपलीकडून जाणवतो.

फ्रीज हे एक वेगळंच प्रकरण. हा फ्रीज मुलाच्या लग्नाआधीचा, नातू आता सहावीत. त्याच्या दाराला रबर नावापुरतं. नवा घ्यावा असं घरात वर्षातून एकदा निघतं आणि दिवाणजी म्हणतात, "चालू हाय ना? मंग?" फ्रीज चालू आहे म्हणून बदलायचा नाही आणि वीज वाचावी म्हणून तो चालू ठेवायचा नाही, हा यातला मार्ग. रात्री दहाला ते फ्रीज बंद करत. "रात्री कोण पेते थंड पाणी?" मार्चमध्ये हे खपलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दूध नासलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नासलं. काकूंनी त्याचं पनीर करून वाढलं आणि बिलात जे वाचलं त्याच्या कितीतरी पट दुधात गेलं, हा हिशेब त्यांनी ताटावरच मांडला. त्यावर दिवाणजींनी फ्रीज चालू ठेवायला मंजुरी दिली, पण दार उघडण्याआधी काय काढायचं ते मनात ठरवून घ्यायचं अशी अट घातली. त्या घरातली सून अजूनही फ्रीजपुढं क्षणभर डोळे मिटून उभी राहते. नव्या माणसाला वाटतं, आत देव आहेत.

जुन्या काळाची त्यांना फार आठवण येते. लोकांना जुना काळ म्हणजे आठ आण्यांत सिनेमा आठवतो, दिवाणजींना भारनियमन आठवतं. "तवा बारा-बारा घंटे लाइन जाये," ते डोळे बारीक करून म्हणतात, "बिल कसं गुमान येये! पोरं खेळायला बाहेर, बाया ओट्यावर, सारी गल्ली एका चांदण्यात." त्या दिवसांत हेच दिवाणजी हातात विंझणा घेऊन मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, हे मला चांगलं आठवतं. पण आठवणींवर आकार लागत नाही, म्हणून बोलून दाखवलं नाही.

आता कूलर. जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला आधी सांगितलं पाहिजे की आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन मजली आहे. बुलढाणा वरच्या मजल्यावर. इंग्रजांना तिथली हवा मानवली आणि त्यांनी जिल्ह्याचं ठाणं तिथं नेलं. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर आम्ही सगळे खाली, पूर्णेच्या कढईत. मे महिन्यात इथं 43-44 अंशांची नवलाई नसते. पण हे ऊन कोरडं, आणि कोरड्या उन्हावर कूलरसारखा उतारा नाही. ओल्या ताटीतून वारा आला की पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मोठा कूलर दोनशे वॉटच्या आसपास, दीड टनाचा एसी त्याच्या सहा-सात पट. हे गणित दिवाणजींना तोंडपाठ आहे आणि इथं ते शंभर टक्के बरोबर आहेत, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

चूक सूनबाईंची झाली. जेवताना त्या सहज बोलून गेल्या, की एक लीटर पाणी हवेत उडालं की साधारण दोन-तृतीयांश युनिटाएवढी उष्णता शोषून घेतं. दिवाणजींचा घास हातातच राहिला. "म्हंजे पाणीच युनिट खाते? अन् त्याचं बिल नाई?" दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं जे जे भिजण्यासारखं होतं ते ते भिजवून टांगलेलं होतं. खिडकीला गोणपाट, दाराला चादर, मधल्या खोलीत दोरीवर दोन धोतरं, आणि काकूंचं जुनं लुगडं जिन्याच्या कठड्यावर. मधोमध कूलर. एवढा थंडावा जमा केल्यावर तो निसटून जाऊ नये म्हणून दिवाणजींनी खिडक्या-दारं घट्ट लावून घेतली. तासाभरात आत श्रावण लागला. भिंतींना घाम, पापडांना घाम, दिवाणजींना सगळ्यात जास्त. सूनबाई शाळेतून आल्या आणि त्यांनी आधी समोरची खिडकी उघडली. कूलर लावला की दमट हवेला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर पाणी उडायचंच थांबतं. हे ऐकल्यावर दिवाणजी कळवळून म्हणाले, "अवो, पण बाहेर गेलेल्या थंडाईचं काय? म्या काय गल्ली थंड करायचा ठेका घेतला?" नंतर वाटाघाटी होऊन खिडकी चार बोटं उघडी ठेवायचं ठरलं. ती चार बोटं दिवाणजींची की सूनबाईंची, हा वाद मुलाच्या बोटांवर मिटला.

कूलरला पाणी लागतं आणि आमच्याकडं नळ कधी येईल हे फक्त नळालाच माहीत असतं. वीज वाचवावी तर पाणी जातं आणि पाणी वाचवावं तर वीज. दिवाणजींनी यावर स्वयंपाकघराशी करार केला. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी मोरीत सांडायचं नाही, गाळून कूलरला द्यायचं. तो उन्हाळा आम्ही विसरणार नाही. त्यांच्याकडं बसायला गेलं की वाऱ्यावरून आज काय शिजलंय ते कळायचं. मेथीचा वारा बरा असायचा. कोथिंबिरीचा तर सुरेखच. मुळ्याच्या पाल्याच्या दिवशी मात्र आम्ही ओट्यावरच बसून बोललो.

अक्षय्य तृतीयेला दिवाणजींच्या कारभाराचा कळस होतो. त्या दिवशी संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी असते. शेतात गोल आखून अठरा धान्यं मांडायची, मधल्या खड्ड्यात ढेकळं, घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, पानविडा. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला काय हललं ते पाहून वर्षाचं पीकपाणी सांगायचं. तीनशे वर्षांहून जुनी रीत म्हणतात, आणि आसपासच्या जिल्ह्यांतून शेतकरी ऐकायला येतात. अलीकडं दिवाणजींनी आपल्या जिन्याखाली त्याच मुहूर्तावर स्वतःची मांडणी सुरू केली आहे. सूर्यास्ताला मीटरचं रीडिंग, त्याखाली घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या नावानं एकेक दाणा. रात्रभर कुणी काय वापरायचं ते मनमोकळं वापरायचं. ही वर्षातली एकच रात्र. पहाटे दिवाणजी आंघोळ करून मीटरपुढं बसतात आणि भाकीत वाचतात: "पंखे जोरदार. कूलरची तेजी. मिक्सर सर्वसाधारण. इस्त्रीचं मोघम हाय. टीव्हीवर रोगराई." मग थोडं थांबून, आवाज उंचावून, "अन् राजा कायम!" राजा म्हणजे कोण ते गल्लीत सगळ्यांना कळतं. सूनबाई आतून हसतात आणि दाण्यातले चार मूग डब्यात परत टाकतात.

मे महिन्यात मात्र राजा गादी सोडून घाटावर जातो. बुलढाण्याला त्यांचे साडू असतात. कूलर दिवसाला अमुक युनिटं खातो आणि एसटीचं तिकीट अमुक रुपये, अशी तुलना त्यांनी एका उन्हाळ्यात मांडून पाहिली. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. दिवाणजींनाही वयाच्या दाखल्यावर अर्धं. म्हणजे नवरा-बायको मिळून एक तिकीट, पन्नासेक किलोमीटर, आणि वर बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगेचं जंगल फुकट पाहायला! "पंच्याहत्तरीनंतर तर मले पूर्ण माफ," ते सांगतात. पंच्याहत्तरीची इतक्या आतुरतेनं वाट पाहणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

साडूंनी त्या वर्षी एसी बसवला होता. बुलढाण्यात! दिवाणजींनी उंबरठ्यावरच कपाळाला हात लावला. "इंग्रज इथं हवा खायले येत, अन् तुम्ही इथं एसी लावता? हा गावाचा अपमान हाय." मग ते आत जाऊन एसीच्या बरोबर खाली बसले. एसीच्या बाबतीत त्यांचा अभ्यास आधीच झालेला होता. 2020 च्या जानेवारीपासून स्टारवाला एसी चालू केला की आपोआप 24 अंशांवर सुरू होतो, आणि एकेक अंश वर नेला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते, हे त्यांनी आम्हाला कैक वेळा ऐकवलेलं. साडूंकडं त्यांनी रिमोट मागून घेतला, चष्मा पुसला आणि 24 चे 18 केले. साडूंनी भीत भीत विचारलं, तेव्हा दिवाणजी डोळे मिटूनच म्हणाले, "पाच स्टारचा हाय ना तुमचा? मंग घाबरता कायले?" दुपारी त्यांना रजई लागली. ही बातमी काकूंनी खाली आल्यावर फोडली, आणि दिवाणजींनी एक आठवडा काकूंच्या डोक्यावरचा पंखा एकवर ठेवला.

याच आठ-दहा दिवसांत घरी सूनबाईंनी दोन कामं उरकून घेतली. गच्चीवर चुन्यात फेविकॉल कालवून नातवाच्या मदतीनं दोन हात मारले, म्हणजे स्लॅब दिवसभर पितो ते ऊन निम्मंशिम्मं तरी परत जाईल. आणि घरातले चारही जुने पंखे उतरवून बीएलडीसीचे लावले. जुना पंखा 75 वॉटचा, हा तिसाचा. चार पंखे दिवसाला सोळा तास चालले तर जुन्यांना महिन्याला 144 युनिटं लागतात आणि नव्यांना 58. दिवाणजींनी आयुष्यभर चार्जर उपसून जेवढं वाचवलं असतं, तेवढं हे चार पंखे एका महिन्यात वाचवत होते. पण हे त्यांना सांगायचं कुणी?

दिवाणजी परत आले आणि पहिल्यांदा त्यांचं लक्ष गेलं ते रिमोटकडं. "पंख्याले रिमोट? त्यात सेल? म्हंजे वरून लाइनचा खर्च, खालून सेलचा!" त्यांनी चारही रिमोटांमधले सेल काढून कपाटात कुलूपबंद केले. पुढं जूनचं बिल आलं. ऐंशीवर युनिटं कमी. दिवाणजींनी बिल दोनदा उलटं-सुलटं पाहिलं, वही काढली आणि निष्कर्ष लिहिला: 'आम्ही दोघं आठ दिवस बाहेर. शिवाय सेल काढले. त्याचा गुण.' त्या दिवशी त्यांनी स्वखर्चानं घरात आइस्क्रीम आणलं, आणि ते फ्रीजमध्ये ठेवावं लागू नये म्हणून लगेच संपवायला लावलं. सूनबाईंनी निमूटपणे वाटी पुढं केली. शाळेत प्रयोग करताना निष्कर्ष कुणाच्या वहीत लिहिला गेला यापेक्षा दिवा पेटला का हे पाहायचं असतं, हे विज्ञानाच्या शिक्षकाला वेगळं शिकवावं लागत नाही.

गेल्या वर्षी गच्चीवर सौर पॅनेल आले. सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला 60,000 रुपये अनुदान मिळतं, एवढं एकच वाक्य मुलानं त्यांना सांगितलं आणि बाकीचं काम अनुदान या शब्दानं केलं. दोन किलोवॉटचे पॅनेल उन्हाच्या दिवशी आठेक युनिटं देतात. नवा मीटर आला, तो आलेली आणि गेलेली दोन्ही वीज मोजतो. जमेची बाजू आणि नावेची बाजू! दिवाणजींच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. आम्हाला वाटलं, आता हा माणूस शांत होईल, बटनांवरून हात काढून घेईल, गीता वाचेल.

झालं उलटंच. पूर्वी ते "बंद करा" म्हणत, आता सकाळी दहा वाजल्यापासून "लावा, लावा" म्हणायला लागले. डोक्यावर ऊन तळपत असताना घरातलं काही बंद दिसलं की त्यांना सूर्य फुकट चालल्यासारखा वाटतो. कपडे धुणं, इस्त्री, मिक्सर, मोटर सगळं दहा ते चारमध्ये. काकूंची दुपारची झोप गेली. जास्तीची वीज वाया जात नाही, महावितरणकडं जमा होते आणि रात्री परत मिळते, असं मुलानं सांगून पाहिलं. "मंडळाजवळ ठेव ठेवू? पावती देते का?" पावती बिलातच असते, जमा युनिटांचा आकडा छापून येतो, हे दाखवल्यावर मात्र ते नरम पडले आणि लगेच दुसऱ्या टोकाला गेले. आता ती शिल्लक वाढवायची! दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत त्या घरात कुणी काही वापरेना. शिल्लकीचा आकडा फुगत गेला. दिवाणजी सकाळ-संध्याकाळ तो आकडा पाहत आणि छाती भरून घेत.

मार्चच्या सुरुवातीला सूनबाईंनी बिलामागचे नियम वाचून दाखवले. 31 मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो. त्या दिवशी शिल्लक राहिलेली युनिटं कंपनी आपल्या दरानं विकत घेते, आणि तो दर आपण कंपनीला देतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पहिल्या एप्रिलला खातं पुन्हा कोरं.

जन्मभर 31 मार्चला कीर्द-खतावणीचा मेळ घालत आलेल्या माणसावर हा घाव होता. ते रात्रभर जागे राहिले. पहाटे उठून त्यांनी गीझर लावला.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या गल्लीनं जे सुख भोगलं ते शहरात कुणाच्या वाट्याला आलं नसेल. आमच्याकडं मार्चच्या रात्री अजून गारच असतात, तरी दिवाणजींचा कूलर अख्खी रात्र चाले. नातू स्वेटर घालून त्याच्यापुढं गणितं सोडवी. उन्हात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधीच कोमट, ते गीझरमधून कढत करून सगळ्यांना दोन वेळा आंघोळ सक्तीची. फ्रीजचं दार कुणीही कितीही वेळ उघडावं, नातवानं तर त्यात डोकं घालून उभं राहण्याची मुभा मिळवली. वर्षाच्या तिखटाचे दिवस होते. गल्लीतल्या बायका मिरच्या आणि धने घेऊन आल्या आणि दिवाणजींच्या मिक्सरनं चार घरांचं काम केलं. माळ्यावरचा शून्याचा बल्ब दिवसाढवळ्या जळत होता, आणि दिवाणजी खाली उभे राहून त्याच्याकडं पाहत होते, चेहऱ्यावर कर्जमाफी मिळालेल्या माणसाचा भाव.

तरी 31 तारखेला संध्याकाळी चौदा युनिटं उरलीच. दिवाणजींनी रुमालानं घाम पुसला आणि गल्लीत हाळी दिली, "इस्त्री फुकट! घेऊन या कपडे, बारापर्यंत!" आम्ही गेलो. शाळेचे गणवेश, लग्नातले कोट, पडदे, कुणी तर पायपुसणीसुद्धा आणली. दोन इस्त्र्या, कूलर, गीझर, मोटर, टीव्ही सगळं एकदम चालू. दिवाणजी मीटरपाशी खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर वही, दर दहा मिनिटांनी आकडा पुकारत. अकराला चार उरली. साडेअकराला दोन. माझा नंबर शेवटचा लागला. नवा पांढरा शर्ट होता. पाठ झाली, पुढच्या दोन्ही बाजू झाल्या, कॉलर झाली. तेवढ्यात आतलं घड्याळ वाजलं आणि बोर्डावर हात पडल्याचा तो ओळखीचा आवाज आला. सगळं घर अंधारात.

"दिवाणजी," मी अंधारातच म्हणालो, "बाह्या राहिल्या."

"नवीन साल लागलं, भाऊ," पलीकडून आवाज आला. "त्या तुमच्या मीटरवर करा."